पुढचा चेंडू टाकण्याआधी

परभणीत बेसबॉल म्हटले की लोकांना बॅट आठवते आणि बॅट म्हटली की मारामारी. पेपरच्या जिल्हा पानावर ‘बेसबॉलच्या दांड्याने मारहाण’ हा मथळा अधूनमधून असतोच. पूर्वी अशा प्रकरणाला भादंविचे ३२४ लागायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ११८(१) लागते. जप्ती पंचनाम्यात बॅटची लांबी येते, रंग येतो, पकडीला गुंडाळलेली टेपसुद्धा येते. चेंडूचा उल्लेख कुठेच नसतो. खेळाच्या दुकानात बॅट मिळते आणि गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानातही मिळते. ग्लोव्ह मागितला की मात्र समोरून प्रश्न येतो, ‘कीपिंगचा का?’ या शहरात विकल्या गेलेल्या निम्म्या बॅटींना तरी जन्मात चेंडू लागला नसावा, असा माझा अंदाज आहे. माणसे लागली असतील.

सेलूहून एसटीने येताना कंडक्टरने पिशवीतून बाहेर डोकावणारी मूठ पाहिली. ‘ताई, कुणाला हाणायला चाललात?’ मी म्हटले, चेंडूला. सगळी बस हसली. तिकीट त्याने एकाचेच फाडले, बॅटीचे लगेज लावले नाही.

★

या खेळाकडे आवडीने कुणी वळत नाही. पीटीचे सर संघ पुरा करायला उभे करतात म्हणून तो सुरू होतो. मीही तशीच आले, आधी सॉफ्टबॉलला आणि मग बेसबॉलला. महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत. क्रिकेटला रांग मोठी आणि कबड्डीत गावोगावच्या तालेवार पोरी. इथे मात्र चार महिने घाम गाळला की विभागाच्या आणि नशीब असेल तर राज्याच्या संघात नाव लागते. मग प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण. यात वावगे काही नाही, कोरडवाहू शेतीवाल्याच्या घरात कागदाला किंमत असतेच. वाईट वाटते ते कागद हातात पडल्यावर ग्लोव्ह माळ्यावर जातो त्याचे. माझ्याबरोबरच्या कॅचरचा गेला. ती आता पोलीस भरतीसाठी धावते. छान धावते.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुलींचा बेसबॉल आहे, म्हणून माझा ग्लोव्ह अजून खाली आहे.

★

मैदान आखणे हा अर्धा खेळ. होम प्लेटपासून पहिला बेस नव्वद फूट, तिथून दुसरा नव्वद फूट, असा चौरस एका टोकावर उभा करायचा. पिचरची पट्टी साठ फूट सहा इंचांवर. आमच्याकडे टेप पन्नास फुटी, त्यामुळे मध्ये खुंटी ठोकून पुढे मोजावे लागते आणि खुंटी जरा तिरपी बसली की सगळा चौकोन कलतो. कर्ण मोजून पाहावा : होम ते दुसरा बेस एकशे सत्तावीस फूट आणि वर सव्वातीन-साडेतीन इंच भरले पाहिजेत. पायथागोरस शाळेत शिकवला तेव्हा हे कुणी सांगितले असते तर मी जास्त लक्ष दिले असते.

फक्की टाकायची ती वाऱ्याकडे पाठ करून. आणि जमीन काळी. पावसात बुटाला शेर-शेर चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. सरपटी चेंडू भेगेच्या कडेला लागला की कानशिलाकडे येतो. शॉर्टस्टॉपला उभे राहणाऱ्या माणसाने परभणीत एक एप्रिल काढला तर त्याला जगात कुठेही उभे करावे.

★

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा मिळून एकच पेपर. संहिता १९०८ ची. कलमे वेगळी, आदेश वेगळे, आदेशांत पुन्हा नियम. अभ्यासिकेत माझ्या शेजारची मुलगी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते. तिने एकदा माझे बेअर ॲक्ट उघडून पाहिले आणि मिटले. ‘काय वाचायलीस गं हे? ह्याला कथा नाही का?’

कथा आहे की. १९०८ चीच आहे.

त्या वर्षी २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध कब्ज. नववी इनिंग, १-१ अशी बरोबरी, दोन आउट. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल, वय वर्षे एकोणीस, तिसऱ्यावर मॅकॉर्मिक. ब्रिडवेलने सरळ फटका मारला, मॅकॉर्मिक धावत घरी आला, जायंट्स जिंकले. लोक मैदानात घुसले. ते पाहून मर्कल दुसऱ्या बेसकडे जाता जाता मध्येच वळला आणि कपडे बदलण्याच्या खोलीकडे पळाला. सामना संपल्यावर पुढचा बेस शिवायची तसदी तेव्हा कुणीच घेत नसे. रिवाजच होता.

नियम मात्र पुस्तकात होता. कब्जचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जॉनी एव्हर्स याने चेंडू मागवला (तो चेंडू खराच तो होता का यावर आजही वाद आहे), बेसवर पाय ठेवला आणि अंपायर हँक ओ’डे यांच्याकडे दाद मागितली. मर्कल बाद. तिसरा आउट असा सक्तीचा, म्हणून धाव रद्द. सामना बरोबरीत धरला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला, कब्जने तो ४-२ ने जिंकला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही. नंतरची वर्ल्ड सिरीज जिंकायला त्यांना २०१६ उजाडले.

मला यातला खरा चटका एव्हर्सच्या गृहपाठाचा लागतो. एकोणीस दिवस आधी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये हाच मुद्दा त्याने याच अंपायरपुढे काढला होता. ओ’डे म्हणाले, मी पाहिले नाही, आणि दाद फेटाळली. एव्हर्स तिथे हरला, पण ओ’डेंच्या डोक्यात नियम पेरून आला. पुढच्या वेळी ओ’डे दुसऱ्या बेसकडे पाहत उभे होते. तालुका कोर्टात हरलेला मुद्दा जपून ठेवणारे वकील मी जिल्हा न्यायालयाच्या आवारात पाहिले आहेत, त्यांची चाल अशीच असते.

मर्कलला जन्मभर ‘बोनहेड’ म्हणून चिडवले. रूढीवर विसंबलेला पोरगा, कलमावर बोट ठेवलेला प्रतिस्पर्धी. माझे मत : निकाल बरोबर, चिडवणे चूक.

★

क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय पंच बाद देत नाही, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असते. बेसबॉलमध्ये काही ठरावीक बाबतींतच अपील लागते. धावणाऱ्याने बेस शिवलाच नाही, फलंदाज आपली पाळी सोडून आला, अशा वेळी अंपायरला दिसत असले तरी तो गप्प बसतो. समोरच्या संघाने बोट दाखवायचे. आणि दाखवायचे ते पुढचा चेंडू टाकण्याआधी. तो पडला की हक्क संपला. पाळी सोडून आलेला फलंदाज पुढच्या चेंडूनंतर कायदेशीर ठरतो आणि फलंदाजीचा क्रम त्याच्यापासून पुढे चालू होतो.

इंटर्नशिपच्या सरांना हे सांगितले. सर चाळीस वर्षे दिवाणी बाजूला आहेत. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद, हे ते झोपेतही सांगतील.

‘पुढचा चेंडू पडला तर विलंब माफीचा अर्ज?’

नाही सर, म्हटले.

‘कलम पाचच नाही? मग त्या खेळात वकिलांचं भागतं कसं?’

★

भागते, चांगले भागते. जॉन माँटगोमेरी वॉर्ड न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळता खेळता १८८५ मध्ये कोलंबियातून कायद्याचा पदवीधर झाला आणि त्याच वर्षी त्याने खेळाडूंची पहिली संघटना उभी केली. १८९० मध्ये तर मालकांना बाजूला सारून खेळाडूंची स्वतंत्र लीगच काढली. ती एक हंगाम टिकली. ब्रँच रिकी मिशिगन विद्यापीठात कायदा शिकत होता आणि तिथल्याच संघाला शिकवत होता, पुढे जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून वर्णभेदाची भिंत पाडणारा तो हाच. टोनी ला रुसाने १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि आयुष्य डगआउटमध्ये काढले.

मिलर हगिन्सचा किस्सा सांगतात तो असा. हा सिनसिनाटीत कायदा शिकत होता. तिथे शिकवणाऱ्या विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी त्याला सांगितले, वकिली किंवा बेसबॉल, काय ते एक धर. हगिन्सने पदवी घेतली आणि बेसबॉल धरला, यँकीजचा मॅनेजर म्हणून तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. टाफ्ट आधी राष्ट्राध्यक्ष झाले, मग सरन्यायाधीश. ते त्या पदावर असतानाच, १९२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असे ठरवले. संघ आगगाडीने राज्याराज्यांतून हिंडतात, तिकिटे विकतात, तरी व्यापार नाही! निकालपत्र होम्ससाहेबांचे. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून एवढे लंगडे निकालपत्र उतरलेले पाहून परीक्षार्थ्याला जरा बरे वाटते.

★

त्या निकालाचे पुढे झाले काय, तर खेळाडूचा करार संपला तरी तो मालकाचाच राही. ‘रिझर्व्ह क्लॉज’. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुई कार्डिनल्सने कर्ट फ्लड याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा हंगाम खेळलेला माणूस, वर्षाला नव्वद हजार डॉलर घेणारा. तो म्हणाला, मी गुरेढोरे नाही, आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन अशा मतांनी हरला. निकाल लिहिणाऱ्या ब्लॅकमन यांनी जुना निकाल विसंगत आहे हे कबूल केले, पण पन्नास वर्षे चाललेले आम्ही का मोडावे, संसदेने मोडावे, असे म्हटले. निकालपत्राच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या खेळाडूंच्या नावांची लांबलचक यादी दिली आहे. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालाला संमती दिली, त्या भागाला दिली नाही.

१९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दोन पिचरना मोकळे केले आणि रिझर्व्ह क्लॉजचे कंबरडे मोडले. संसदेने फ्लडच्या नावाचा कायदा केला १९९८ मध्ये. फ्लड १९९७ च्या जानेवारीत गेला होता.

आता हे शेजारी ठेवून पाहा. श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० मध्ये पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. अट अशी की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर आधी तो या कंपनीपुढे ठेवायचा. झहीर दुसरीकडे गेला, कंपनी कोर्टात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की करार संपल्यानंतर माणसाच्या धंद्याला घातलेला असा बांध भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली चालत नाही. हे कलम १८७२ चे, दोन ओळींचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७२ मध्ये जे धाडस झाले नाही, ते इथल्या दोन ओळींत शंभर वर्षे आधी लिहून ठेवले होते.

(दोन्ही अटी अगदी एक नाहीत. रिझर्व्ह क्लॉजने माणूस बांधला जाई, झहीरच्या अटीने त्याच्या जाहिराती. पेपरात हा फरक लिहायचा. शिवाय करार चालू असतानाचे बंधन वेगळे, ते बहुधा टिकते. हा फरक विसरला की चार गुण जातात.)

★

अमेरिकेतला संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. परीक्षार्थ्याच्या सोयीची वेळ. घरचे कौतुक करतात, पोरगी चारला उठते म्हणून.

ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज आणि आमची हिवाळी परीक्षा गळ्यात गळे घालून येतात. २८ ऑक्टोबर २०२५ चा सामना पहाटे साडेपाचला सुरू झाला. नऊ इनिंगचा खेळ अठरा इनिंग चालला, सहा तास एकोणचाळीस मिनिटे. डॉजर्सचा ओहटानी नऊ वेळा बेसवर पोचला. फ्रीमनच्या होमरनने डॉजर्स ६-५ ने जिंकले तेव्हा इथे बारा वाजून गेले होते, खानावळीत वरण संपले होते. आदेश २१ मधली जप्तीची प्रक्रिया मी त्या दिवशी इनिंगांच्या मधल्या वेळात वाचली आणि ती पक्की लक्षात राहिली. नियम ५४ म्हणजे स्थावराची जप्ती, तेराव्या इनिंगमध्ये.

२ नोव्हेंबरला रविवार होता. सकाळी टोरांटोत सातवा सामना अकराव्या इनिंगला संपला, डॉजर्स ५-४. त्याच रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, दक्षिण आफ्रिकेवर बावन्न धावांनी. शहरात फटाके वाजले ते अर्थात रात्री.

★

बेसबॉल आणि कायदा शिकणाऱ्यांचा खरा गुरू विल्यम स्टीव्हन्स. पेनसिल्वेनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी असताना त्याने ‘इनफिल्ड फ्लाय’ नियमाचा उगम कॉमन लॉमध्ये शोधणारा लेख लिहिला. विद्यापीठाच्या लॉ रिव्ह्यूने तो १९७५ मध्ये नाव न घालता छापला. आठ पाने, निम्म्याहून अधिक तळटीपा, आणि पहिली तळटीप पहिल्याच ‘द’ या शब्दाला, शब्दकोशाच्या दाखल्यासह. थट्टा होती. पण थट्टा न्यायाधीशांनी मनावर घेतली आणि हा लेख पुढे निकालपत्रांत उद्धृत होऊ लागला.

नियम असा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावणारे आहेत, दोनपेक्षा कमी आउट आहेत आणि फलंदाजाने आतल्या मैदानात उंच झेल उडवला. झेल घेतला जाईल म्हणून धावणारे जागेवर थांबतात. आता क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडला तर? धावणाऱ्यांना एकदम निघावे लागते आणि दोघे सहज बाद. या लबाडीला आळा म्हणून अंपायर झेल हवेत असतानाच फलंदाजाला बाद ठरवतो. झेल सुटो की राहो.

स्टीव्हन्सचे म्हणणे मला पटते ते एवढ्यापुरते : क्रिकेटने ‘हे सभ्य माणसाला शोभत नाही’ यावर भागवले, बेसबॉलमध्ये पैसा आणि ईर्ष्या शिरली तेव्हा लिहून ठेवावे लागले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ वाचा, धनकोंना बुडवण्यासाठी केलेली हस्तांतरणे. तेही कुणीतरी झेल सोडल्याशिवाय लिहिले गेले नसणार.

आणि गोम एका शब्दप्रयोगात आहे : ‘साध्या प्रयत्नाने’ घेता येण्यासारखा झेल. कुणाच्या साध्या प्रयत्नाने? ५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटात अंपायरने आतल्या मैदानापासून बऱ्याच लांब, गवतावर गेलेल्या उंच चेंडूला हा नियम लावला. लोकांनी बाटल्या फेकल्या, खेळ एकोणीस मिनिटे थांबला. ‘वाजवी माणूस’ नावाचा तो जो अपकृत्यांच्या कायद्यातला, प्रत्यक्षात कुठेच न भेटणारा गृहस्थ आहे, तो शॉर्टस्टॉपला उभा केला की अशी वेळ येते.

★

जगात जर्मनी, भारतात परभणी, ही म्हण आमच्याकडे छाती फुगवून सांगतात. बर्लिनचा मॅक्स केप्लर मेजर लीगमध्ये दहाहून जास्त हंगाम खेळून झाला. आपली बाजू थोडी मागे आहे.

दुबईत ‘मुंबई कोब्राज’ नावाचा बेसबॉल संघ आहे. मुंबईत त्याचे मैदान नाही.

★

जॉन रॉबर्ट्स २००५ मध्ये अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदासाठी सिनेटपुढे गेले तेव्हा म्हणाले की न्यायाधीश अंपायरसारखा असतो, बॉल की स्ट्राइक एवढे सांगणे त्याचे काम. तेव्हा छान वाटले असेल. मेजर लीगमध्ये २०२६ च्या हंगामापासून त्या निर्णयावरही यंत्राकडे दाद मागता येते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी, पिचर, कॅचर किंवा फलंदाज यांनीच डोक्याला हात लावून मागायची, मॅनेजरने नाही. दाद खरी ठरली तर संधी शाबूत.

हे आमच्याकडे लागू झाले तर? पक्षकाराने स्वतःच डोक्याला हात लावायचा, वकिलाने नाही. तसा तो लावतोच.

★

७ ऑक्टोबर २००१, सॅन फ्रान्सिस्को. बॅरी बाँड्सने हंगामातला त्र्याहत्तरावा होमरन मारला, विक्रम. चेंडू गर्दीत. ॲलेक्स पोपोव याच्या ग्लोव्हमध्ये तो शिरला आणि त्याच क्षणी पोपोववर माणसे कोसळली. ढिगाऱ्यातून चेंडू निघाला पॅट्रिक हायाशीच्या हातात. हायाशीने ढकलाढकली केली नव्हती. मालक कोण?

न्यायाधीश मॅकार्थी यांनी डिसेंबर २००२ मध्ये ठरवले की पोपोवचा ताबा पुरा झाला नव्हता, पण तो पुरा करण्याची रास्त संधी त्याच्याकडून बेकायदा हिरावली गेली, सबब त्या संधीलाही हक्क आहे. दोघांनी चेंडू विकून निम्मे निम्मे घ्यावे. विकला गेला साडेचार लाख डॉलरला. पोपोवच्या वकिलाने मागितलेली फी त्याच्या वाट्याहून मोठी होती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आजोबा मला वकिलीला घालताना म्हणाले होते. वर म्हणाले, ‘पण दुसरे चढणार तर आपली माणसं वर पाहिजेत का नको?’

★

उद्याच्या पेपराला सराव म्हणून स्वतःच काढलेला प्रश्न, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या थाटात :

‘अ’ हिने परभणी येथील मैदानावर मारलेला चेंडू कुंपण ओलांडून ‘ब’ यांच्या कापसाच्या शेतात गेला. ‘ब’ यांच्या बैलाला तो लागून बैल उधळला व त्याने ‘क’ यांची मोटारसायकल पाडली. ‘ड’ या शालेय विद्यार्थ्याने चेंडू उचलून घरी नेला व तो परत देण्यास नकार दिला. मैदानावरील अंपायरने होमरन दिला, परंतु धावताना ‘अ’ हिने पहिला बेस शिवला नव्हता व ही बाब पुढचा चेंडू टाकल्यानंतर निदर्शनास आणण्यात आली.

(१) ‘ब’ व ‘क’ यांना कोणाविरुद्ध दाद मागता येईल? बोल्टन विरुद्ध स्टोन (१९५१) या निवाड्याच्या आधारे लिहा. (६ गुण)
(२) चेंडूची मालकी व ताबा. (४ गुण)
(३) धाव कायम राहील काय? (२ गुण. हे सोपे आहे.)